ऑनलाइन लिलावातील नाण्याची ग्रेड कशी वाचावी आणि बोली कोठे थांबवावी

विचारलेला प्रश्न असा आहे: ऑनलाइन लिलावातून अमेरिकेचा एक मॉर्गन डॉलर (चांदीचे जुने नाणे) घेतला. वर्णनात 'जवळपास न वापरलेला' असे म्हटले होते आणि फोटोतही नाणे लखलखीत दिसत होते. हाती आल्यावर मात्र त्याची चमक निर्जीव वाटली आणि दिव्याखाली धरताच दोन्ही बाजूंवर बारीक रेषांचे जाळे दिसले. तेव्हा ग्रेड, म्हणजे नाण्याच्या अवस्थेचा दर्जा, नेमकी कशी ठरते, तपासणी संस्थेने सील केलेल्या प्रमाणित डबीतलीच नाणी घ्यावीत का, बोलीची मर्यादा कशी ठरवावी आणि हाती आलेल्या या नाण्याचे आता काय करावे?

लिलावासाठी येणारी नाणी तपासणे आणि त्यांची वर्णने लिहिणे हे काम मी बराच काळ करत आलो आहे, आणि या प्रश्नातील चारही भागांचे मूळ एकाच गोष्टीत आहे असे माझे स्पष्ट मत आहे. नाण्याची अवस्था दोन वेगळ्या बाबींनी ठरते: ते किती झिजले आहे, ही एक, आणि त्याच्या पृष्ठभागावर माणसाने काय केले आहे, ही दुसरी. झीज फोटोत बऱ्यापैकी दिसते. पृष्ठभागाची प्रकृती मात्र प्रकाश फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि फोटोत तर प्रकाश एकाच जागी थांबलेला असतो. त्यामुळे फोटो पाहून लावलेली ग्रेड ही फार तर अर्धी ग्रेड असते, आणि उरलेल्या अर्ध्याची जोखीम बोलीतच धरावी लागते.

आधी आकड्यांविषयी थोडक्यात. आज बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी 1 ते 70 ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातील तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी मांडली. तिच्यामागची मूळ कल्पना किमतीची होती: जेमतेम ओळखू येणाऱ्या, म्हणजे 1 ग्रेडच्या नाण्याची जी किंमत असेल, तिच्या 70 पट किंमत निर्दोष नाण्याला मिळावी, असे ते गणित होते. बाजाराने ते गणित केव्हाच मोडीत काढले, पण आकडे राहिले. 4 म्हणजे गुड, 12 म्हणजे फाइन, 20 ते 35 व्हेरी फाइन, 40 व 45 एक्स्ट्रीमली फाइन, 50 ते 58 अबाउट अनसर्क्युलेटेड आणि 60 ते 70 मिंट स्टेट, म्हणजे चलनात न फिरलेले. प्रूफ ही मात्र ग्रेड नसून नाणे पाडण्याची खास पद्धत आहे. प्रूफ नाणेही झिजू शकते आणि त्यालाही 45 किंवा 50 अशी ग्रेड मिळू शकते. देशोदेशीच्या शब्दांतही फरक आहे. ब्रिटिश विक्रेता ज्याला व्हेरी फाइन म्हणतो, ते नाणे त्याच नावाच्या अमेरिकी ग्रेडपेक्षा साधारणपणे चांगले असते, कारण तिकडची जुनी मोजणी अधिक कडक आहे. म्हणून वर्णनातला शब्द वाचण्याआधी तो कोणत्या परंपरेतून आला आहे हे पाहावे.

आता झीज. ती नेहमी उठावाच्या सर्वांत उंच भागापासून सुरू होते. मॉर्गन डॉलरवर हे भाग म्हणजे एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरचे केस आणि गाल, व दुसऱ्या बाजूला गरुडाची छाती. परंतु हेच भाग सपाट दिसण्याचे दुसरेही कारण असते. ठशाचा दाब पुरेसा नसेल, तर धातू साच्याच्या सर्वांत खोल कोपऱ्यापर्यंत चढत नाही आणि नाणे टांकसाळीतूनच अर्धवट उठावाचे बाहेर पडते. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत पाडलेले 1892 चे डॉलर याबद्दल प्रसिद्ध आहेत. एकदाही चलनात न फिरलेल्या नाण्यावरही कानावरचे केस पुष्कळदा सपाट असतात. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या 1881 च्या नाण्यांवर प्रत्येक बट सुटी दिसते. म्हणजे एकाच नमुन्याच्या दोन नाण्यांना एकच कसोटी लावली, तर एकावर अन्याय होतो आणि दुसऱ्याला फुकटची ग्रेड मिळते. फरक ओळखायचा तो पोतावरून. खरी झीज असेल तर सपाट भाग करडा, गुळगुळीत आणि मूळ झळाळी हरवलेला दिसतो. दाब अपुरा असेल तर त्याच जागी झळाळी शाबूत असते आणि कोऱ्या चकतीवरचे मूळचे बारीक ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. त्या त्या वर्षाची आणि त्या त्या टांकसाळीची नाणी मूळची कशी उमटत, हे ठाऊक असल्याशिवाय झिजेबद्दल ठाम बोलू नये.

मिंट स्टेट नाण्यांतही खुणा असतातच. हे डॉलर हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत भरून ठेवले जात आणि त्या थैल्या उचलताना-आपटताना नाणी एकमेकांवर घासत. गालावरची एक खोल खूण मागच्या बाजूच्या पिसांत लपलेल्या चार खुणांपेक्षा ग्रेड अधिक उतरवते, कारण नजर प्रथम गालावर जाते. यातून नव्या संग्राहकाला विचित्र वाटणारी एक गोष्ट घडते: 58 ग्रेडचे, किंचित हाताळलेले पण स्वच्छ चेहऱ्याचे नाणे पुष्कळदा 60 किंवा 61 ग्रेडच्या, थैलीतल्या खुणांनी भरलेल्या नाण्यापेक्षा कितीतरी देखणे असते. स्वतःच्या संग्रहासाठी नाणे शोधणाऱ्याने या 58 च्या पायरीकडे आवर्जून पाहावे, असे मी नेहमी सांगतो.

आपल्या नाण्याचे दुखणे मात्र झिजेचे नाही, पृष्ठभागाचे आहे, म्हणून तिकडे जरा सविस्तर वळतो. ठशाचा प्रचंड दाब पडला की चकतीतला धातू मध्याकडून कडेकडे वाहतो आणि हा प्रवाह पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म, मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेघा सोडतो. नाणे दिव्याखाली तिरके धरून फिरवले असता प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात, ते या रेघांमुळे. हीच खरी टांकसाळी झळाळी. ती धातूच्या रचनेत असते, वरून लावलेली नसते, आणि म्हणूनच एकदा गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही. पॉलिशने किंवा कापडाने घासले की या रेघा तुटतात आणि त्यांच्या जागी एकाच दिशेने किंवा गोलाकार जाणारे बारीक ओरखडे येतात, ज्यांना हेअरलाइन म्हणतात. नाणे चमकते खरे, पण ती चमक सगळीकडून एकसारखी परत येते, फिरत नाही. आपल्याला जी 'निर्जीव' वाटली ती हीच चमक.

रासायनिक धुलाई, म्हणजे डिपिंग, अधिक चकवते. चांदीवरचा काळपटपणा घालवण्यासाठी वापरली जाणारी आम्लयुक्त द्रावणे गंधकाच्या थराबरोबर धातूचाही अत्यंत पातळ थर घेऊन जातात. एकदा, काही क्षणच बुडवलेले आणि नीट धुतलेले नाणे पुष्कळदा तज्ज्ञांच्याही नजरेतून सुटते आणि प्रमाणन संस्थांकडूनही निर्वेध ग्रेड घेऊन येते. वारंवार बुडवले की मात्र प्रवाहाच्या रेघा बोथट होत जातात आणि नाणे पांढरेफटक पण मलूल दिसू लागते. सर्वांत वाईट प्रकार फिरत्या तारांच्या ब्रशने घासण्याचा. यात धातू अक्षरशः ढकलला जातो आणि अक्षरांच्या व आकड्यांच्या एका बाजूला त्याची बारीक कड साचते. पाच ते सात पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून अक्षरांच्या पायथ्याशी पाहिले तर ही कड लपत नाही. झळाळी अस्सल असेल तर ती मोकळ्या पृष्ठभागावरून अक्षरावर आणि पलीकडे अखंड वाहते; ब्रश मारलेल्या नाण्यावर ती अक्षरापाशी अडखळते.

टोनिंग, म्हणजे कालांतराने नाण्यावर चढणारा रंग, याबद्दलही हेच तत्त्व लागू आहे. चांदीवर हवेतल्या गंधकामुळे सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो आणि त्या थराची जाडी वाढत जाते तसा प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे रंग बदलत जातो: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग जांभळट, मग निळा. नैसर्गिक टोनिंगमध्ये हे रंग या क्रमाने एकमेकांत मिसळत जातात आणि बहुधा कडेकडून आत येतात. पिवळ्याशेजारी एकदम गडद निळा, मधले रंग गायब, आणि तोच रंग ओरखड्यांच्या आतही तितकाच ताजा, असे दिसले तर रंग घाईने आणलेला आहे असे समजावे. विशेषतः जुन्या घासलेल्या नाण्यावर हेअरलाइन झाकण्यासाठी असा रंग चढवला जातो. तांब्याच्या नाण्यांत मूळ लालसरपणा किती उरला आहे यावर लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी असे वर्ग पाडले जातात आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. तेव्हा संशयास्पद गुलाबी-नारिंगी तकाकीचे तांबे फोटोवरून मुळीच घेऊ नये.

एवढे डोळ्यांसमोर ठेवून आता लिलावातला फोटो पाहू. समोरून येणारा, पांढऱ्या कागदातून गाळलेला मऊ प्रकाश हेअरलाइन पुसून टाकतो. एका बाजूने, खालून येणारा तिरका प्रकाश त्या उघड्या पाडतो. विक्रेता लबाड असलाच पाहिजे असे नाही, कारण उठाव नीट दिसावा म्हणूनही मऊ प्रकाश वापरला जातो. परिणाम मात्र तोच होतो. म्हणून महाग नाण्याच्या बाबतीत मी नेहमी दोन गोष्टी मागतो: एका दिव्याखाली नाणे हळूहळू कलते करतानाचा छोटा व्हिडिओ, आणि कडेचा फोटो. व्हिडिओत प्रकाशाचे आरे फिरतात की नाही हे काही सेकंदांत समजते. कडेवर, विशेषतः वरच्या मध्यभागी, कधीकाळी दागिना करताना लावलेल्या कडीचा डाग, भरलेले भोक किंवा कानस फिरवल्याची खूण सापडू शकते, आणि समोरच्या फोटोत ती जवळजवळ कधीच दिसत नाही. नाणे प्रमाणित डबीत असेल तर आणखी एक सोपी तपासणी आहे. डबीच्या लेबलावरचा पांढरा भाग फोटोत पांढराच दिसतो का ते पाहावे. तो पिवळसर किंवा निळसर दिसत असेल, तर टोनिंगचे झगमगते रंगही तितकेच बिघडलेले किंवा फुगवलेले आहेत. फक्त एकाच बाजूचा फोटो, मुद्दाम अंधूक ठेवलेला फोटो किंवा 'नमुन्यादाखल' दुसऱ्याच नाण्याचा फोटो असेल, तर त्या लॉटवर, म्हणजे लिलावातील त्या वस्तूवर, वेळ घालवू नये.

बनावट नाण्यांचा विषय ग्रेडिंगपासून वेगळा धरला जातो, पण खरेदीदाराला दोन्ही एकत्रच भोगावे लागतात. प्रत्येक नमुन्याचे अधिकृत वजन आणि व्यास हाताशी ठेवावेत. मॉर्गन डॉलर 26.73 ग्रॅमचा, 38.1 मिलिमीटर व्यासाचा आणि 0.900 शुद्धतेचा असतो. विशिष्ट गुरुत्व घरच्या तराजूवरही काढता येते: पाण्यात दोऱ्याने टांगलेल्या अस्सल मॉर्गन डॉलरचे वजन साधारण 2.6 ग्रॅमने घटले पाहिजे, म्हणजे घनता 10.3 च्या आसपास येते. सोन्याच्या बाबतीत ही चाचणी एका ठिकाणी हमखास फसते. शुद्ध सोन्याची घनता 19.32 आणि टंगस्टनची 19.25 असल्यामुळे टंगस्टनच्या गाभ्यावर सोने चढवलेली वस्तू वजन व आकार दोन्हींत जवळपास उत्तीर्ण होते. आणि धातू खरा असला म्हणजे नाणे खरे असतेच असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याची मोठ्या प्रमाणावर नक्कल झाली, ती पुष्कळदा योग्य कसाच्या सोन्यातच. वजन 7.98 ग्रॅम, सोने बावनकशी नव्हे पण ठरल्याप्रमाणे 22 कॅरट, आणि तरीही नाणे टांकसाळीचे नाही.

दुर्मीळ वर्षांच्या नाण्यांवर टांकसाळीची खूण चिकटवणे किंवा कोरणे हा जुना उद्योग आहे. 1893 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे केवळ 1,00,000 मॉर्गन डॉलर पाडले गेले आणि फिलाडेल्फियाच्या त्याच वर्षाच्या नाण्यावर एस हे अक्षर लावून त्याची नक्कल केली जाते. सुदैवाने चलनासाठी पाडलेली अस्सल नाणी दर्शनी बाजूच्या एकाच ठशातून उतरली आहेत. त्यामुळे देवतेच्या शिरपट्टीवरील 'लिबर्टी' या शब्दातल्या टी अक्षराच्या माथ्यावर एक बारीक, उठावातली तिरपी रेघ असते. ती नसेल, तर खाली एस अक्षर कितीही सुबक असो, नाणे सोडून द्यावे. उलट ती आहे म्हणून डोळे मिटून घेऊही नये, कारण अस्सल नाण्यावरून साचा घेऊन केलेल्या नकलेत तीही उतरते. अशा साच्याच्या नकलांना पकडण्याचा उत्तम मार्ग ऑनलाइन लिलावांनीच मोकळा केला आहे. मूळ नाण्यावरची आकस्मिक खोक साच्यात उतरते आणि मग प्रत्येक नकलेवर त्याच जागी, त्याच आकाराची दिसते. जुन्या विक्रींच्या फोटोंत दोन वेगळ्या नाण्यांवर अगदी तीच खूण सापडली, तर दोन्ही संशयित ठरतात. हा शोध कंटाळवाणा आहे, पण मोठी रक्कम लावण्याआधी तो केलाच पाहिजे.

नाण्यावरचे वर्ष म्हणजे ते पाडल्याचे वर्ष, असेही गृहीत धरू नये. ऑस्ट्रियाच्या राज्यकर्त्या मारिया तेरेझा यांच्या थालर या चांदीच्या नाण्यावर 1780 हे वर्ष असते, परंतु त्या वर्षी त्यांचे निधन झाल्यानंतरही व्यापारासाठी तेच वर्ष कायम ठेवून ही नाणी व्हिएन्ना, रोम, पॅरिस, लंडन येथे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली. ती नकली नाहीत, पण 'अठराव्या शतकातील' असे वर्णन लावून ती चढ्या बोलीवर खपवली जातात.

आता प्रमाणित डब्यांकडे, म्हणजे स्लॅबकडे, येतो. पीसीजीएस ही संस्था 1986 मध्ये आणि एनजीसी 1987 मध्ये काम करू लागली. नाणे तपासून, ग्रेड देऊन, बंद प्लास्टिकच्या डबीत सील करण्याच्या या पद्धतीने दूरवरच्या खरेदीला मोठाच आधार दिला, हे मान्य केले पाहिजे. दोन फायदे ठोस आहेत: अस्सलपणाची हमी, आणि घासलेले, दुरुस्त केलेले किंवा इजा झालेले नाणे असेल तर आकड्याऐवजी 'डिटेल्स' असा शेरा. फोटोत न दिसणारी जी बाजू मी सुरुवातीला सांगितली, तिची तपासणी कोणीतरी नाणे हातात घेऊन केली आहे, हे त्या डबीचे खरे मोल आहे. आकडा मात्र मतच आहे. तेच नाणे पुन्हा पाठवले तर 64 चे 65 होऊ शकते किंवा 63 ही होऊ शकते, आणि काही नमुन्यांत या एका पायरीवर किंमत कित्येक पटींनी बदलत असल्यामुळे व्यापारी नाणी डबीतून काढून पुनःपुन्हा पाठवतात. परिणामी कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली हे सांगणाऱ्या संस्थांच्या संख्यातक्त्यांत एकच नाणे अनेकदा मोजले गेलेले असू शकते. शिवाय तक्त्यात 'याहून वरची ग्रेड एकाही नाण्याला नाही' असे दिसले म्हणून नाणे दुर्मीळ ठरत नाही. स्वस्त नमुन्याची नाणी तपासणीला पाठवण्याची तसदीच फारसे कोणी घेत नाही.

डब्याही बनावट असतात. प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेच्या नोंदीत तपासणे ही पहिली पायरी, पण नक्कल करणारे खऱ्या नाण्याचाच क्रमांक छापतात, म्हणून नोंदीतला फोटो आणि लिलावातला फोटो खुणांनिशी जुळवून पाहावा. अनोळखी नावाच्या संस्थांच्या डब्यांना, आणि विक्रेत्याने स्वतःच दिलेल्या 'प्रमाणपत्राला', सुट्या नाण्याइतकेच वजन द्यावे. माझा सल्ला विचाराल, तर नाण्याच्या किमतीच्या मानाने तपासणीचे शुल्क किरकोळ असेल किंवा नक्कल होण्याचा धोका मोठा असेल, तेव्हा प्रमाणित नाणे घ्यावे. साध्या, स्वस्त आणि ज्यांची कोणी नक्कल करत नाही अशा नाण्यांसाठी त्याचा आग्रह धरू नये, कारण नजर तयार होते ती सुटी नाणी हाताळूनच.

बोलीविषयी बोलायचे तर लिलावाचा प्रकार आधी ओळखावा. काही संकेतस्थळांवर आपण कमाल मर्यादा टाकतो आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक पायरी वर पैसे मोजतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी 1961 मध्ये अशाच जातीच्या लिलावाचे विश्लेषण केले आणि दाखवले की वस्तूचे स्वतःपुरते खरे मोल माहीत असेल, तर तेच मोल एकदा सांगून स्वस्थ बसणे ही सर्वोत्तम चाल असते. नाण्यांत अडचण अशी की ते मोल आपल्याला पक्के माहीत नसते. ज्याने फोटो सर्वांत आशावादी नजरेने पाहिला, तोच शेवटी जिंकतो, आणि म्हणून जिंकलेली बोली सरासरीने चढीच असण्याकडे कल राहतो. दुसऱ्यांच्या बोली पाहून आपला अंदाज वर सरकवणे हे याच चुकीला खतपाणी घालणे होय. मर्यादा बोली लावण्याआधी कागदावर लिहावी, आणि वेळ ठरलेली असेल तर ती अखेरच्या क्षणी एकदाच टाकावी. शेवटच्या बोलीनंतर वेळ वाढवणाऱ्या लिलावांत हा उशीर निरुपयोगी ठरतो. तेथे केवळ लिहिलेली मर्यादा कामी येते.

ती मर्यादा काढण्याची माझी रीत अशी आहे. नाण्याला दोन ग्रेड द्याव्यात: एक, फोटोत दिसते ती, दुसरी, फोटोवरून खोडून काढता येत नाही अशी वाईटात वाईट शक्यता. विश्वसनीय डबीतल्या नाण्यात या दोन ग्रेड जवळजवळ असतात. सुट्या, झगमगीत, मऊ प्रकाशात टिपलेल्या चांदीच्या नाण्यात मात्र दुसरी ग्रेड पुष्कळदा 'मिंट स्टेट, पण घासलेले' अशी निघते आणि तिचा भाव पहिल्या भावाच्या कितीतरी खाली असतो. परत करण्याची निश्चित सोय नसेल, तर बोली या दुसऱ्या भावाने लावावी. परतीची सोय असेल तर दोन्हींच्या मध्ये कोठेतरी, परतीचा टपालखर्च धरून. यामुळे बरेच लॉट हातचे जातील, आणि ते जाऊ द्यावेत.

भाव ठरवताना झालेल्या विक्रींचेच आकडे घ्यावेत, मागितलेल्या किमतींचे नव्हे. त्यातही काही जुन्या नोंदींत केवळ हातोडा पडल्याची, म्हणजे जिंकलेल्या बोलीची, रक्कम असते, तर काहींत खरेदीदाराचे शुल्क, म्हणजे लिलावगृह बोलीवर त्याच्याकडून वेगळे घेते ती रक्कम, मिळवलेले असते. दोन्ही एका रांगेत मांडले तर सगळा अंदाज चुकतो. आपल्या बोलीचा हिशेबही उलट्या बाजूने करावा. सर्व मिळून 100 एवढेच खर्चायचे असतील, टपाल व विम्याला 4 जाणार असतील आणि खरेदीदाराचे शुल्क 20 टक्के असेल, तर उरलेल्या 96 ला 1.2 ने भागून बोली 80 वर थांबते. परदेशातून नाणे येत असेल तर सीमाशुल्क, कर आणि चलनबदलाचा खर्च यांनी ती आणखी खाली येते. बोलीच्या ऐन गर्दीत हा भागाकार मनात होत नाही, म्हणून तो आधीच करून ठेवावा.

विक्रेत्याच्या बाबतीत वर्णनाची भाषा पुष्कळ सांगून जाते. ग्रेड स्पष्ट लिहिणारा, दोष स्वतःहून नोंदवणारा आणि प्रश्नांना उत्तर देणारा विक्रेता थोडा महाग पडला तरी चालतो. तेच नाणे पुनःपुन्हा विक्रीला येत असेल, किंवा एकाच विक्रेत्याच्या लॉटवर तेच अनोळखी खाते सतत बोली चढवून मागे हटत असेल, तर किंमत फुगवली जात आहे असे मानून बाजूला व्हावे. लिलावगृहांच्या अटी तर बोलीपूर्वीच वाचाव्यात: अस्सलपणाची हमी आणि ग्रेडची हमी या दोन निराळ्या गोष्टी असतात, आणि पुष्कळ ठिकाणी प्रमाणित डबीतले नाणे ग्रेड पटली नाही म्हणून परत करता येत नाही.

आता आपल्या हातातल्या डॉलरकडे. सर्वप्रथम त्याला काहीही लावू नका. रेषा घालवण्यासाठी पुन्हा घासले तर उरलेली झळाळीही जाईल. विक्रेत्याच्या पाकिटातून ते काढले नसेल तर तसेच ठेवा, कारण काही जण मूळ वेष्टन उघडल्यावर परतीचा हक्क नाकारतात. एका बाजूच्या तिरक्या प्रकाशात दोन्ही बाजूंचे फोटो आणि एक छोटा व्हिडिओ घ्या, नाणे पाकिटातून आधीच काढलेले असेल तर वजन व व्यास नोंदवा आणि परतीची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला लिहा. तक्रार 'ग्रेड कमी वाटते' अशी करू नका, कारण ग्रेड हे मत असल्याचे उत्तर लगेच येईल. 'पृष्ठभाग घासलेला असून वर्णनात त्याचा उल्लेख नाही' असे लिहा. ते फोटोने दाखवता येते आणि वर्णनातील उणीव म्हणून मान्य करणे विक्रेत्यालाही सोपे जाते.

मुदत उलटून गेली असेल, तर ते तपासणीसाठी पाठवण्याचा खर्च करू नका. आपण सांगता तसे रेषांचे जाळे दोन्ही बाजूंवर असेल, तर डबीवर 'डिटेल्स, क्लीन्ड' असाच शेरा येईल आणि नाणे सर्वसाधारण वर्षाचे असेल तर शुल्कही वसूल होणार नाही. अपवाद एकच: वर्ष आणि टांकसाळीची खूण दुर्मीळ असेल, तर घासलेल्या नाण्यालाही अस्सलपणाच्या दाखल्याने भाव येतो, आणि तेव्हा ते जरूर पाठवावे. अन्यथा पीव्हीसी प्लास्टिक नसलेल्या पाकिटात घालून, त्यावर 'घासलेले' अशी स्पष्ट चिठ्ठी लावून ते जवळ ठेवा आणि शक्य झाल्यास त्याच नमुन्याचे एक स्वस्त पण मूळ झळाळीचे नाणे त्याच्याशेजारी आणा. 1881 चे सॅन फ्रान्सिस्कोचे नाणे यासाठी उत्तम आहे, कारण ते विपुल आहे आणि बहुधा चांगलेच उमटलेले असते. दोन्ही एका दिव्याखाली आळीपाळीने फिरवून पाहा. पुढच्या लिलावात विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत नेमके काय शोधायचे, ते तेथे स्पष्ट दिसेल.